भरधावरावांचा शिष्य

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ म्हातारा व्हायला लागला होता.

वाघसुद्धा म्हातारे होतात. फक्त तसं त्यांना सांगायला कुणी जात नाही. या वाघाला, म्हणजे नखराजे महाराजांना, ते तळ्यानं सांगितलं. सकाळी पाणी प्यायला वाकले, तर पाण्यात मिशीचा एक केस पांढरा.

महाराजांनी पाणी न पिताच प्रधानाला बोलावलं. प्रधान कोल्हा होता. जंगलात दुसऱ्या कुणाला प्रधान करत नाहीत.

"प्रधानजी, आमचे आजोबा किती जगले?"

"चौदा पावसाळे, महाराज."

"आणि वडील?"

"तेही चौदाच."

"आणि आम्हाला कितवा चालू आहे?"

कोल्ह्यानं आभाळाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, आपल्या शेपटीकडे पाहिलं. "तेरावा," तो म्हणाला. "पण महाराज अकराचे दिसतात."

त्या दिवशी महाराजांना शिकार गोड लागली नाही. खाल्ली त्यांनी. पण गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला आणि महाराजांनी हुकूम सोडला, "या जंगलात सगळ्यांत जास्त कोण जगतं आणि काय केल्यानं जगतं, याचा शोध लावा. लवकर लावा."

काम काटेकरशास्त्र्यांकडे आलं. काटेकरशास्त्री हे साळिंदर. त्यांना मोजायला फार आवडायचं. लहानपणी ते स्वतःचे काटे मोजत बसायचे आणि दर वेळी आकडा वेगळा आला की रडायचे. मोठेपणी ते विद्वान झाले. आता आकडा वेगळा आला की ते रडत नसत, त्यावर व्याख्यान देत.

त्या जंगलात दर वर्षी एक शर्यत व्हायची. मोहाच्या जुन्या झाडापासून निघायचं, सात टेकड्या ओलांडायच्या आणि तळ्याच्या काठावर यायचं. शर्यतीचं नाव सातटेकडी. ती पुरी करायची म्हणजे खेळ नव्हता. चौथ्या टेकडीवर जीभ बाहेर यायची आणि सहाव्या टेकडीवर आई आठवायची.

शास्त्र्यांनी आपल्या जुन्या नोंदींतून पाच वर्षांपूर्वी सातटेकडी पुरी केलेले शंभर प्राणी घेतले. त्याच वेळचे, कधीच न धावलेले शंभर प्राणी घेतले. त्यांतलं आज कोण कोण जिवंत आहे, ते मोजलं. मग दरबारात उभे राहून त्यांनी घसा साफ केला.

"धावणाऱ्या शंभरातले हयात, एक्याऐंशी. न धावणाऱ्या शंभरातले हयात, नऊ."

दरबारात 'अबब' झालं.

त्या नवांतले आठ जण शास्त्र्यांचे नातेवाईक होते, म्हणजे साळिंदरं, आणि साळिंदराच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. नववं कासव होतं. पण हे बारकावे शास्त्र्यांनी तळटीपेत टाकले, आणि तळटीप वाचायला त्या जंगलात कुणाला वेळ नव्हता.

मागच्या रांगेतून एक आवाज आला. "शास्त्रीबुवा, न धावणारे ते एक्क्याण्णव जण गेले कशानं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. विचारणारी होती हरणाबाई. ती काळविटाची बायको. साधी, गवतातली. तिचा नवरा मात्र साधा नव्हता. तो पाच वर्षं सलग सातटेकडी जिंकलेला भरधावराव.

महाराज आपली नखं बघायला लागले. महाराजांच्या जेवणाचा विषय दरबारात काढायचा नाही, अशी त्या जंगलाची रीत होती.

कोल्हा म्हणाला, "वृद्धापकाळानं गेले."

"माझा भाऊ दीड वर्षाचा होता," हरणाबाई म्हणाली.

"अकाली वृद्धापकाळानं," कोल्हा म्हणाला.

काटेकरशास्त्री म्हणाले, "बाई, कोण जिवंत आहे हा माझा विषय. कोण कशानं मेलं, हा माझा विषय नाही." आणि खाली बसले. त्यांच्या शेजारचा घाईनं उठला, कारण साळिंदर बसतं तेव्हा शेजाऱ्याला उठावंच लागतं.

झालं! सगळं जंगल धावायला लागलं.

आधी लोक भेटले की विचारायचे, "चरलात का?" आता विचारायला लागले, "किती झाल्या?" म्हणजे टेकड्या. अस्वलानं मध सोडला आणि नाचणीची आंबील सुरू केली. माकडांनी पळसाच्या पानांची पदकं करून वाटली, आणि जे अर्ध्या टेकडीवरून परत आले त्यांनाही ती दिली, कारण मन मोडू नये. श्रीमंत सांबरांनी पावलं मोजायला पाठीवर सुतारपक्षी बसवले. दर पावलाला एक टोच. संध्याकाळपर्यंत पाठ सोलून निघायची, पण आकडा मिळायचा.

रानडुकराचं तर विचारू नका. रानडुक्कर धावायला लागलं, की धावण्याविषयी बोलायलाही लागतं. आणि ते बोलणं धावण्यापेक्षा जास्त वेळ चालतं.

एकंदर दोनशे जणांनी सुरुवात केली. महिन्याभरात साठ जणांचे गुडघे गेले. ते खाली मान घालून करवंदीच्या जाळ्यांमध्ये जाऊन बसले. त्यांना कुणी बोलवेना. एकशे चाळीस जण धावत राहिले.

आता महाराजांची अडचण झाली. पूर्वी त्यांचं कसं होतं? भूक लागली की जो हळू चालतोय, झोपलाय, लंगडतोय, त्याला गाठायचं. दहा झेपांचं काम. दहा झेपांत नाही जमलं तर सोडून द्यायचं, कारण अकराव्या झेपेला महाराजांना धाप लागायची. आता तर सगळेच पळत होते. महाराज तीन दिवस उपाशी राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आयुष्य वाढवायचं आहे ते आपल्याला, आणि धावताहेत मात्र बाकीचे.

"आम्हीसुद्धा धावणार," महाराज म्हणाले. "आम्हाला शिकवायला कोण आहे?"

भरधावरावाशिवाय दुसरं कोण असणार?

कोल्हा राजाज्ञा घेऊन माळावर आला, तेव्हा भरधावराव दमसासाचा सराव करत होता. 'राजगुरू' हा शब्द ऐकला आणि त्याचे डोळे भरून आले. पाच वर्षं तो जिंकत होता, मुलांनो. लोक टाळ्या वाजवत, पळसाची पानं देत आणि घरी जात. तू हे करतोस कसं, असं पाच वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

हरणाबाईनं कोल्हा जाईपर्यंत वाट पाहिली.

"अहो, तुम्ही वाघाला पळायला शिकवणार?"

"वाघाला नाही. शिष्याला."

"त्या शिष्याला पट्टे आहेत."

"अगं, मैदानावर सगळे सारखे असतात."

"मैदानावर. आणि मैदान संपतं तिथून पुढे?"

भरधावराव समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुला खेळातलं कळत नाही."

"खेळातलं नाही कळत," हरणाबाई म्हणाली. "पण माझ्या आजीला एक गोष्ट कळत होती. तिच्या आजीलाही कळत होती. वाघ दमतो. तेवढ्या एका गोष्टीवर आपली जात आजवर जगली. आपण काही वाघापेक्षा जोरात पळत नाही, जास्त वेळ पळतो. आणि ते तुम्ही त्याला शिकवायला निघालात."

भरधावराव पाय मोकळे करायला निघून गेला.

पहिल्या दिवशी महाराज मोहाच्या झाडापासून निघाले आणि पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी आडवे झाले. जीभ एका दगडावर, शेपूट दुसऱ्या दगडावर.

"फार छान," भरधावराव लांबून म्हणाला. तो चांगला गुरू होता. "फक्त एक चूक होते महाराजांची. महाराज सुरुवातीलाच सगळं देऊन टाकतात. ही झेप घेण्याची सवय सोडा. श्वास नाकानं आत, तोंडानं बाहेर. पंजे हलके टाका. घाई नाही करायची. पुढच्याला फक्त नजरेत धरायचं."

"नजरेत धरणं येतं आम्हाला," महाराज म्हणाले.

"मग अर्धं काम झालंच आहे."

रोज सकाळी पुढे गुरू आणि मागे शिष्य, अशी दौड सुरू झाली. पहिल्या महिन्यात गुरूला शिष्य दिसतच नसे. दुसऱ्या महिन्यात दिसायला लागला. एका टेकडीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. महाराजांचं पोट आत गेलं. छाती भरली. पांढरा केस तसाच होता, पण महाराज आता पाण्यात मिशी बघत नसत, दंड बघत.

आणि व्यायामानं भूक छान लागायला लागली.

सातटेकडीच्या वाटेवर रोज एकशे चाळीस जण धावायचे. त्यांतला सगळ्यांत मागचा एक ससा होता. एक दिवस तो परत आला नाही.

शोकसभा झाली. रानडुक्कर म्हणालं, "सराव कमी पडला बिचाऱ्याचा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून एक टेकडी जास्त धावायचं ठरवलं.

मग जो शेवटून दुसरा होता तो शेवटचा झाला, आणि तोही गेला. मग त्याच्या पुढचा गेला. दर वेळी शोकसभेत तेच ठरायचं. आणखी धावायला हवं. महाराजांची एक चांगली सवय होती. ते वाट सोडून कधी करवंदीत डोकावत नसत. मध्ये थांबलं की लय बिघडते, असं गुरुजींनी शिकवलं होतं. त्यामुळे जाळीत बसलेले ते साठ जण तिथेच बसून राहिले. गुडघे चोळत, करवंदं खात, आणि आपल्या हातून काही झालं नाही म्हणून मनातून कुढत.

रानडुक्कर नेमकं कोणत्या दिवशी गेलं, ते कुणाला आठवत नाही. एका सकाळी जंगल फार शांत वाटलं, तेव्हा लक्षात आलं.

घरी हरणाबाई रोज एकच प्रश्न विचारायची.

"आज तुमच्यात आणि त्यांच्यात किती अंतर होतं?"

"शंभर ढांगा."

"मागच्या आठवड्यात?"

"दीडशे."

"मग?"

"मग काय!" भरधावरावाचा चेहरा उजळायचा. "शिष्य प्रगती करतोय!"

हरणाबाई त्याच्याकडे बघत राहायची. तिचा नवरा मूर्ख नव्हता. तिनं त्याला वणव्यातून वाट काढताना पाहिलं होतं. कुठल्या ओढ्याला पाणी कधी सुटतं, ते त्याला वासावरून कळायचं. पण एखाद्याला आपली विद्या येतेय म्हटल्यावर त्या एखाद्याला दात किती आहेत, हे मोजायचं त्याला सुचत नव्हतं. आणि ती त्याला घरात कोंडू शकत नव्हती. काळविटाला घर नसतं, मुलांनो. गवत असतं.

नऊ महिने झाले. धावणारे एकशे चाळीस होते, ते आता दोन उरले. एक भरधावराव. दुसरे चौगुलेनाना.

चौगुलेनाना म्हणजे चौशिंगा. कपाळावर चार शिंगं, स्वभावानं सरळ. पाचही वर्षं त्यांचा दुसरा नंबर आला होता. दर वर्षी तळ्याच्या काठावर ते भरधावरावाच्या मागोमाग यायचे, त्याच्या पाठीला नाक लावायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघ तू." दोघांचा जीव एकमेकांवर होता.

एका संध्याकाळी नाना माळावर आले. हरणाबाईनं त्यांना कोवळं गवत दाखवलं. त्यांनी तोंड लावलं नाही.

"भरधाव," ते म्हणाले, "तुला मागे टाकावं अशी माझी फार इच्छा होती. आता नाही. आता नुसता दुसरा राहिलो तरी पुष्कळ आहे. पण हल्ली दुसरा म्हणजे शेवटचा."

"नाना, तुम्ही उजव्या वळणावर वेळ घालवता. मी कितीदा सांगितलं."

"अरे, वळणाचं काय घेऊन बसलास! त्यांना शिकवणं बंद कर. चार दिवस पाय मुरगळला म्हण."

भरधावराव हळूच म्हणाला, "नाना, त्यांचा श्वास आत्ता कुठे लयीत यायला लागलाय."

"आणि माझा जायला लागलाय," नाना म्हणाले.

"मग तुम्ही धावू नका, नाना," हरणाबाई मध्येच म्हणाली. "करवंदीत जाऊन बसा. खरंच बसा."

नानांनी मान हलवली. "पाच वर्षं दुसरा आलोय, बाई. आता गुडघेवाल्यांत जाऊन बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या टेकडीच्या उजव्या वळणावर, महाराजांनी चौगुलेनानांना गाठलं.

भरधावराव त्या दिवशी चरला नाही. वळणावर जाऊन उभा राहिला. तिथं मातीत खुरांच्या खुणा होत्या, आणि त्या जरा बाहेरून गेल्या होत्या. "मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला. हरणाबाई शेजारी उभी होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत शिकवायला गेला. हो, गेला! तुम्ही आता हसताय, पण मोठे झालात की तुम्हालाही कुणीतरी गुरुजी म्हणेल, तेव्हा बघू.

त्या दिवशी अंतर भरलं वीस ढांगा. शर्यतीला पाच दिवस होते. स्पर्धक दोन. राजगुरू आणि राजा.

हरणाबाई सरळ काटेकरशास्त्र्यांच्या बिळावर गेली.

"शास्त्रीबुवा, परत मोजा."

"काय?"

"कोण जिवंत आहे ते. गेल्या वर्षीची मोजणी शिळी झाली."

शास्त्र्यांचे काटे फुलले. "सत्य शिळं होत नाही, बाई. धावणारा जास्त जगतो हे सिद्ध झालेलं आहे."

"मग मोजायला कसली भीती?"

हे शास्त्र्यांना लागलं. त्यांना कुणी मूर्ख म्हटलेलं चाले, पण आकड्याला भितो असं म्हटलेलं चालत नसे. ते तरातरा बाहेर आले. दोघांनी चार दिवस जंगल पालथं घातलं. हरणाबाई पुढे आणि शास्त्री मागे, असेच चालले ते. काट्यांच्या मागून चालण्यापेक्षा सुरक्षित तेच होतं. करवंदीच्या जाळीत वाकून वाकून त्यांनी डोकी मोजली. जाळीतला एक ससा लाजून म्हणाला, "आम्ही सोमवारपासून परत सुरू करणार होतो."

"करू नका," हरणाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी शास्त्री एका दगडावर बसले. पानावरचे आकडे त्यांनी उलटे वाचून पाहिले, सुलटे वाचून पाहिले.

"धावणं सोडलेले, साठ. हयात, साठ. धावत राहिलेले, एकशे चाळीस. हयात, एक." त्यांचा आवाज कापरा झाला. "बाई, हे उलटं आलं."

"मग उलटं सांगा."

"पण असं का झालं?"

"का, हा तुमचा विषय आहे का, शास्त्रीबुवा?"

शास्त्र्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "नाही," ते म्हणाले. "माझा तो विषय नाही."

शर्यतीचा दिवस उजाडला. मोहाच्या झाडाखाली महाराज पाय ताणत उभे होते. अंगावर चरबी नावाला नव्हती. डोळे स्वच्छ होते, श्वास संथ चालला होता. त्यांच्यापुढे दहा ढांगांवर भरधावराव. आपल्या शिष्याकडे वळून पाहताना त्याचा ऊर भरून येत होता. कोल्हा शेपूट वर करून उभा. ती खाली आली की सुटायचं. आणि हरणाबाई सगळ्यांच्या मागे, शास्त्र्यांच्या वाटेकडे डोळे लावून.

"थांबा!" काटेकरशास्त्री पान हलवत धापा टाकत आले. "महाराज, नवा निष्कर्ष आहे! धावणं आयुष्याला अत्यंत घातक आहे!"

कोल्ह्याची शेपूट वरच राहिली.

शास्त्र्यांनी आकडे वाचले. महाराजांनी ते परत वाचायला सांगितले.

"एकशे चाळिसातला एक?"

"होय, महाराज. एकशे एकोणचाळीस गेले. एका वर्षात."

महाराजांच्या कपाळावर आठी पडली. ती पट्ट्यांत मिसळून गेली, पण पडली. त्यांनी नखांवर काहीतरी मोजलं. "पण शास्त्रीबुवा," ते जरा चाचरत म्हणाले, "त्यांतले बरेचसे... म्हणजे आम्हाला असं वाटतं, की आम्ही स्वतः..."

कोल्हा खाकरला. राजानं दरबारात स्वतःच्याच जेवणाचा विषय काढावा, ही त्याला रीतीला सोडून असलेली गोष्ट वाटली. शिवाय गेले कित्येक महिने महाराज आपली शिकार पूर्ण संपवत होते, कोल्ह्याला मागे काही उरत नव्हतं, हेही त्याच्या मनात असेल.

"महाराज," तो नम्रपणे म्हणाला, "ते आपल्यापर्यंत पोचले तेव्हा कसे होते, आठवून बघावं. ठीक होते का?"

महाराज आठवायला लागले. "नाही बुवा," ते म्हणाले. "धाप लागलेली असायची. प्रत्येकाला."

"काळीज?"

"धडधडत असायचं. अगदी फुटेल असं."

"डोळे?"

"पांढरे झालेले."

"म्हणजे ते संपलेच होते, महाराज. धावण्यानं. महाराजांनी केवळ शेवट गोड केला."

महाराजांनी आपल्या छातीवर पंजा ठेवला. आत काहीतरी धडधडत होतं. त्यांनी घाबरून पंजा काढला.

"तो एक हयात आहे तो कोण?"

"आपले गुरुजी," शास्त्री म्हणाले.

"आणि आम्ही."

"आणि आपण, महाराज."

"म्हणजे धावणारे आता दोघंच उरलो," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि पुढचा नंबर आमचा असू शकतो!"

असं म्हणून ते खाली बसले. मग आडवे झाले. मग सावकाश, आयुष्य सांडू नये अशा बेतानं, कुशीवर वळले.

"महाराज!" भरधावराव धावत जवळ आला. इतका जवळ तो कधी आला नव्हता. "महाराज, आज नको! आजचा दिवस सोडून सगळं सोडा! आज आपण मला गाठणार होता!"

"गुरुजी," महाराज डोळे मिटून म्हणाले, "जिवापेक्षा शर्यत मोठी नाही. तुम्हीही सोडा. तुमची तब्येत हल्ली बरी दिसत नाही."

भरधावरावानं सातटेकडी एकट्यानं पुरी केली. पहिला आला. पण सहा वर्षांतली ही त्याची सगळ्यांत संथ दौड होती. मागे कुणी असलं की बरं पळवतं, असं तो म्हणाला.

पुढे आठ दिवस तो हरणाबाईशी बोलला नाही. शास्त्र्यांना घेऊन कोण फिरत होतं, हे त्याला कळलं होतं. "दहा ढांगा," तो गवताला सांगायचा. "फक्त दहा ढांगा राहिल्या होत्या." हरणाबाई शेजारी चरत राहायची. एकदा गवतात तोंड खुपसून ती रडलीसुद्धा, पण ती सुटल्याच्या आनंदानं की नानांच्या आठवणीनं, ते तिनं सांगितलं नाही.

नवव्या दिवशी तोच बोलला.

"खरं सांग. गाठलं असतं का गं त्यांनी मला?"

हरणाबाईनं मान वर केली. तिला प्रश्न नीट कळला. त्याच्यातल्या गुरूला 'हो' ऐकायचं होतं, आणि पाच वर्षांच्या विजेत्याला 'नाही'. संसारात असे प्रश्न येतात, मुलांनो.

"तुम्ही शिकवलंत तसे ते धावले असते, तर नक्की गाठलं असतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही नेहमी धावता तसे धावला असतात, तर मुळीच नसतं गाठलं."

भरधावरावानं ते दोन-तीनदा मनात घोळवलं. मग त्याचे कान ताठ झाले. तो खाली वाकला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर चरला.

महाराज आता दिवसाचे वीस तास लोळतात. पोट पुन्हा जमिनीला टेकलं आहे. अकराव्या झेपेला धाप लागते. करवंदीतले ते साठ जण आता धिटाईनं बाहेर येऊन उन्हात पसरतात, कारण विश्रांतीचे फायदे सिद्ध झालेले आहेत. परवा मोजले तेव्हा ते अठ्ठावन्न होते. काटेकरशास्त्री तिसऱ्या मोजणीची तयारी करताहेत.

हरणाबाई काही मोजत नाही. ती वाऱ्याकडे तोंड करून चरते, आणि महाराज गुहेबाहेर दिसले की लांबून, अगदी काळजीच्या आवाजात, विचारते, "महाराज, उठलात कशाला?"

तात्पर्य : दीर्घायुष्यासाठी विश्रांतीसारखं दुसरं औषध नाही. मात्र ते आपण घ्यायचं नसतं, वाघाला द्यायचं असतं.